घोड नदीकाठचे इनामगाव : 900 वर्षे नांदलेली शेतकऱ्यांची वस्ती ओस का पडली?

प्रश्न – काळीमाती

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील इनामगावचा उल्लेख शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात ताम्रपाषाणयुगीन खेडे म्हणून येतो, पण तो दफनांच्या दोन-चार ओळींपुढे सहसा जात नाही. माझे आजोळ याच पट्ट्यातले असल्यामुळे मला पडलेले प्रश्न निराळे आहेत. अवर्षणप्रवण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या भागात इसवी सनपूर्व 1600 च्या सुमारास शेतकऱ्यांनी वस्ती का केली असावी? ती सुमारे 900 वर्षे टिकली कशी, आणि मग उठली का? आजच्या गावाचा त्या वस्तीशी काही सलग संबंध जोडता येतो का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर 1 – भूगोलप्रेमी

जागेची निवड समजून घ्यायची असेल तर पावसाच्या आकड्यापेक्षा नदीकडे आधी पाहावे लागेल. घोड नदी आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर उगम पावते, म्हणजे जिथे मुसळधार पाऊस पडतो तिथे. आणि जुन्नरकडून येणारी कुकडी तिला मिळाल्यावर ती शिरूरवरून आग्नेयेकडे वाहत पुढे भीमेला मिळते. शिरूरच्या परिसरात वर्षाकाठी जेमतेम 500 मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बेभरवशाचा, परंतु पावसाळ्यात नदीला येणारे पाणी मावळातले असते. स्वतःच्या शिवारात ढग फिरकले नाहीत तरी नदी दुथडी भरून वाहते, हा अनुभव भीमथडीच्या लोकांना नवा नाही.

दुसरी गोष्ट जमिनीची. बेसाल्टच्या माळावर हलकी, मुरमाड जमीन, आणि नदीकाठी गाळाची खोल काळी जमीन, असा दुभाग येथे स्पष्ट दिसतो. काळी जमीन ओल धरून ठेवते, म्हणून पावसाळा संपल्यावर त्याच ओलीवर रब्बीचे पीक निघते. प्राचीन वस्ती आजच्या गावठाणापासून काही अंतरावर, घोडच्या उजव्या काठावरील पांढरीत होती. काळीत पीक आणि पांढरीत घर ही आपल्याकडची जुनीच विभागणी तिथेही दिसते.

उत्तर 2 – पांढरीचा_टेकाड

इनामगावचे उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1968 पासून पुढे बारा हंगाम केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्यातली प्रमुख नावे. एरवी उत्खननात खड्डे उभे, खोल घेतले जातात आणि त्यातून कालक्रम कळतो. येथे मात्र वस्तीचा मोठा भाग आडवा उघडला गेला, त्यामुळे 130 हून अधिक घरे, त्यांच्यामधल्या मोकळ्या जागा आणि घरांतील सामान यांचा एकत्र विचार करता आला. महाराष्ट्रातल्या आद्य शेतकऱ्यांबद्दल आपण आज जे खात्रीने बोलतो, त्यातले बरेचसे या एका गावामुळे बोलता येते, असे माझे मत आहे.

वस्तीचे तीन टप्पे मानले जातात. माळवा संस्कृतीचा टप्पा इसवी सनपूर्व 1600 ते 1400, पूर्व जोर्वे 1400 ते 1000 आणि उत्तर जोर्वे 1000 ते 700. जोर्वे हे नाव संगमनेर तालुक्यातील प्रवरेकाठच्या गावावरून आले. चाकावर घडवलेली, तांबूस, काळ्या भौमितिक नक्षीची आणि तोटी असलेली भांडी ही तिथली ओळख. पहिल्या दोन टप्प्यांत घरे प्रशस्त व आयताकार आहेत. बुटक्या मातीच्या भिंती, त्यावर कुडाचे काम आणि शाकारलेले छप्पर, अशी त्यांची बांधणी होती. पूर्व जोर्वे काळात ती ओळीने बांधलेली दिसतात. घरात आणि अंगणात धान्यासाठी पेवे आहेत, कणग्या ठेवण्यासाठी मातीचे गोल ओटे आहेत. कुंभार, सोनार, चुना भाजणारे अशा कारागिरांची घरे वस्तीच्या पश्चिम कडेला होती, तर मध्यभागी एक पाच खोल्यांचे घर आणि त्याला लागून धान्याचे कोठार आढळले. हे प्रमुखाचे घर असावे आणि गावाचे धान्य त्याच्याकडे जमा होत असावे, असा ढवळीकरांचा तर्क होता. कोठार घराला चिकटून आहे हे पाहता मलाही तो पटतो.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा शोध म्हणजे पाट आणि बांध. वस्तीच्या कडेने दगडमातीचा 200 मीटरांहून लांब बांध आणि त्याच्याजवळ सुमारे 4 मीटर रुंद व 3.5 मीटर खोल पाट सापडला. पुराचे पाणी पाटात वळवायचे आणि ते शेतीसाठी वापरायचे, असा त्याचा उपयोग उत्खननकर्त्यांनी मानला. त्याला धान्याचा आधार आहे. येथे सातू हे मुख्य पीक होते, सोबत गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ होते. आणि गहू-सातू ही हिवाळी पिके एवढ्या कमी पावसात नुसत्या ओलीवर भरवशाने येत नाहीत. एवढा पाट एका कुटुंबाला खोदता येत नाही आणि तो दर पावसाळ्यानंतर उपसावा लागतो. म्हणजे माणसे कामाला लावणारी आणि पाण्याच्या पाळ्या ठरवणारी काही व्यवस्था गावात असलीच पाहिजे.

उत्तर 3 – अस्थिवाचन

वरच्या प्रतिसादात वस्ती टिकण्याचे उत्तर आले आहे. ती उठण्याबद्दल मात्र अभ्यासकांत एकमत नाही.

ढवळीकरांची मांडणी अशी होती की इसवी सनपूर्व 1000 च्या सुमारास हवामान कोरडे होत गेले. गोदावरी-प्रवरा खोऱ्यातील बहुतेक जोर्वे गावे त्याच सुमारास उजाड झाली. भीमेच्या खोऱ्यात इनामगाव आणखी 300 वर्षे तग धरून राहिले, पण उतरत्या कळेने. ऐसपैस आयताकार घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, गव्हाचे प्रमाण घटले, भांड्यांचा दर्जा खालावला आणि हरणांच्या शिकारीवरचा भर वाढला. जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी तपासलेल्या दातांतही उत्तर जोर्वे काळात कीड कमी आढळली, याचा अर्थ आहारातले पिठूळ धान्य कमी झाले असा लावता येतो. स्थिर शेतकरी हळूहळू शेळ्यामेंढ्या घेऊन फिरणारा अर्धभटका झाला, असा या मांडणीचा शेवट आहे.

पुढे अमेरिकी मानवशास्त्रज्ञ ग्वेन रॉबिन्स शुग यांनी इनामगाव, नेवासे आणि दायमाबाद येथील लहान मुलांच्या सांगाड्यांचा अभ्यास केला. इनामगावात 200 हून अधिक दफने मिळाली असून त्यांत मुलांचे प्रमाण फार मोठे आहे. दोन मडकी तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखाली आडवी पुरण्याची रीत होती, म्हणून कोवळी हाडेही टिकली. उत्तर जोर्वे काळातील मुलांची वाढ खुंटलेली होती, हे त्यांच्या मोजमापांतून पुढे आले. परंतु त्याचे कारण अचानक आलेला दुष्काळ हे त्यांना मान्य नाही. दख्खनचे निमकोरडे हवामान आणि लहरी मोसमी पाऊस वस्तीच्या आधीपासूनच होता, असे त्या म्हणतात, आणि ऱ्हासाचा दोष शेतीच्या पद्धतीवर, जमिनीवर पडलेल्या ताणावर अधिक टाकतात.

मला स्वतःला दुसरी मांडणी अधिक वजनदार वाटते, कारण पहिलीत गोल झोपडी हा दुष्काळाचा परिणाम आणि दुष्काळाचा पुरावाही होऊन बसतो. तरीही पाटाचे काय झाले, हा प्रश्न दोन्हींकडे उरतोच. तो गाळाने भरला आणि कोणी उपसला नाही, की नदीच इतकी आटली की त्यात पाणी शिरेना, यांतले आधी काय घडले यावर बरेच अवलंबून आहे.

उत्तर 4 – काळीमाती (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पाटाची माहिती मला पूर्णपणे नवीन होती. आमच्याकडे आज कालवा आणि ऊस यांच्याशिवाय शेतीची कल्पनाच कोणी करत नाही. मधल्या काळाबद्दल आणि सलगतेबद्दल कोणी लिहू शकेल का?

उत्तर 5 – दप्तरखाना

सलगता सांगता येत नाही. इसवी सनपूर्व 700 नंतर ती वस्ती उठली, आणि आजचे गाव पुष्कळ नंतरच्या काळातले आहे. एका नदीचा काठ एवढाच त्यांच्यातला खात्रीचा दुवा आहे.

मधल्या शतकांत हा मुलूख भीमथडीच्या तट्टांसाठी आणि शिरूरच्या छावणीसाठी ओळखला गेला. 1 जानेवारी 1818 रोजी कोरेगाव भीमा येथे लढलेली इंग्रजांची तुकडी शिरूरहूनच निघाली होती. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र 1875 हे साल अधिक मोलाचे आहे. मे महिन्यात सुपे येथे सावकारांविरुद्ध सुरू झालेला उठाव पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला आणि शिरूर तालुकाही त्यातून सुटला नाही. गहाणखते व कर्जरोखे हिसकावून जाळणे हा त्या उठावाचा गाभा होता. अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात चढलेले कापसाचे भाव कोसळले, वाढीव सारा मात्र तसाच राहिला आणि सावकाराने हात आखडता घेतला, अशी त्याची कारणे होती. लगोलग 1876 ते 1878 चा मोठा दुष्काळ आला, आणि 1879 मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा करावा लागला. या भागात दुष्काळ एकटा क्वचितच मारतो; त्याच्या आधी कर्ज आणि सारा यांनी माणूस पोखरलेला असतो. वर उल्लेख झालेल्या दुसऱ्या मांडणीकडे मी या अनुभवामुळेच झुकतो.

आजची हिरवळ अलीकडची आहे. चिंचणी येथील घोड धरणाच्या उजव्या कालव्याने शिरूर आणि डाव्या कालव्याने श्रीगोंदा तालुक्यातील जमीन भिजू लागली, तेव्हा ज्वारी-बाजरीच्या जागी ऊस आला आणि न्हावऱ्याला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. ढवळीकरांच्या काळच्या सातूला हिवाळ्यात मोजक्या पाळ्या पुरत असत, उसाला जवळजवळ वर्षभर पाणी लागते. त्यामुळे मावळात पाऊस कमी झाला की कालव्याच्या आवर्तनावरून वरचे आणि टोकाचे शेतकरी यांच्यात वाद ठरलेले असतात.

उत्तर 6 – पांढरीचा_टेकाड

एक किरकोळ दुरुस्ती. सातू ढवळीकरांच्या काळचा नव्हे, जोर्वेकरांच्या काळचा! बाकी प्रतिसाद उत्तम.

प्रश्नकर्त्यांसाठी आणखी एक सूचना. उत्खननात मिळालेल्या वस्तू पाहायच्या असतील तर पुण्यात डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्व संग्रहालय गाठावे. पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेल्या पुरुषाचे जे दफन पुस्तकात वाचायला मिळते, त्याबद्दल तिथे अवश्य विचारावे. इतर प्रौढांचे पाय घोट्याखाली तोडून त्यांना उताणे पुरलेले आढळते. या माणसाचे पाय मात्र शाबूत होते, आणि कोठाराचा कारभार कोणाकडे होता या चर्चेत हा तपशील कोठाराइतकाच विचारात घ्यावा लागतो.