लिली आणि गोंगोरा यांना एकाच तराजूत तोलू नये

एका चर्चेत सोळाव्या शतकातील इंग्रज लेखक जॉन लिली याचे गद्य आणि त्याचा समकालीन स्पॅनिश कवी गोंगोरा याचे काव्य या दोहोंना ‘निव्वळ शब्दांची आतषबाजी’ म्हटले गेले आहे, ते मला पटत नाही. लिलीच्या ‘युफ्यूस’ (१५७८) या गद्यकथेतील अलंकरण मुख्यतः वाक्याच्या तोलात आहे: सारख्या लांबीची उपवाक्ये, विरोधी जोड्या, अनुप्रास आणि पशू, वनस्पती, खनिजे यांच्या कल्पित गुणधर्मांवरून घेतलेल्या दृष्टान्तांच्या रांगा. तेथे अर्थ चटकन कळतो, पण तोच पुन्हा पुन्हा सांगितला जातो. शेक्सपिअरने आपल्या नाटकातील फॉल्स्टाफ या विनोदी पात्राच्या तोंडून या शैलीचे विडंबन करून घेतले, ते उगाच नव्हे.

गोंगोराचे नेमके उलट आहे. स्पॅनिश नामांना लॅटिनसारखे विभक्तिप्रत्यय नसतानाही तो ‘सोलेदादेस’ या दीर्घकाव्यात विशेषणाला नामापासून दूर नेतो आणि त्यांचा अन्वय लावण्याचे काम वाचकावर सोपवतो. या काव्याच्या आरंभी वसंत ऋतू सांगण्यासाठी तो सूर्य वृषभ राशीत असल्याचे सुचवतो. मात्र तो वृषभ म्हणजे ग्रीक पुराणकथेतील राजकन्या युरोपा हिचे हरण करणारा मायावी बैल (बैलाचे रूप घेतलेला देव झ्यूस), आणि तो आकाशाच्या नीलरत्नी कुरणात तारे चरतो आहे. येथे अलंकार काढून घेतला तर अर्थच उरत नाही. गोंगोराचा प्रतिस्पर्धी स्पॅनिश कवी केवेदो याने या दुर्बोधतेची कठोर टवाळी केली खरी, परंतु त्याची स्वतःची श्लेषांनी ठासून भरलेली शैलीही तितकीच मेहनत मागते. १९२७ मध्ये, गोंगोराच्या त्रिशताब्दी स्मृतिवर्षी, लोर्का आणि दामासो आलोन्सो या स्पॅनिश कवींच्या पिढीने त्याला पुन्हा मानाचे स्थान दिले, ते या प्रतिमासृष्टीसाठीच.