डेरिक रोझच्या कारकिर्दीकडे कसे पाहावे? (मुलीच्या गुडघ्याच्या दुखापतीच्या निमित्ताने)

प्रश्न: रंकाळाकाठ

नमस्कार. आम्ही कोल्हापूरचे. माझी मुलगी अकरावीत आहे आणि पाचवीपासून बास्केटबॉल खेळते. दोन महिन्यांपूर्वी एका स्पर्धेत रिबाउंडसाठी (हुकलेल्या फटक्यानंतर परत येणाऱ्या चेंडूसाठी) उडी मारून ती खाली आली, डावा पाय टेकला आणि गुडघा आतल्या बाजूला वळला. मी कोर्टाच्या कडेला दहा-बारा फुटांवर उभा होतो, आणि ओली काडी मोडावी तसा आवाज मला तिथपर्यंत ऐकू आला. रात्रभर पाऊस पडून गेला होता आणि सिमेंटचा कोर्ट कोपऱ्यांत अजून ओला होता, तरी सामना ठरल्या वेळी सुरू करण्यात आला. त्याबद्दल मला जे बोलायचे होते ते मी संबंधितांशी बोललो आहे, त्यामुळे तो विषय इथे काढत नाही.

एमआरआयमध्ये एसीएल (गुडघा स्थिर ठेवणारा आतला बंध) पूर्ण तुटल्याचे आणि मेनिस्कसला (गुडघ्यातल्या गादीला) चीर गेल्याचे दिसले. चार आठवड्यांपूर्वी दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली. सर्जननी एसीएल नवी बसवली आणि मेनिस्कस कापून न टाकता शिवली. त्यामुळे सुधारणेला जास्त वेळ लागेल असे त्यांनी सांगितले, मात्र तसे का केले हे विचारण्याचे भान त्या गडबडीत मला राहिले नाही.

माझी मुलगी अमेरिकी बास्केटबॉलपटू डेरिक रोझची निस्सीम चाहती आहे आणि त्याच्या 1 क्रमांकाची जर्सी तिने हट्टाने मागून घेतली होती. आता दिवसभर पलंगावर बसून ती त्याच्या दुखापतींबद्दलच वाचते, आणि परवा मला म्हणाली, "बाबा, रोझचंच जमलं नाही, तर माझं काय जमणार?" मला बास्केटबॉलचा इतिहास फारसा ठाऊक नाही. रोझ घाईने परतला म्हणून त्याचे नुकसान झाले का? त्याची कारकीर्द खरोखर वाया गेली असे म्हणता येते का? तिला खोटा धीर द्यायचा नाही, म्हणून जाणकारांनी खरे ते सांगावे अशी विनंती आहे.

उत्तर 1: शाहूपुरीचा प्रशिक्षक

दादा, प्रश्न वाचून वाईट वाटले आणि आपण तो विचारलात हे बरेही वाटले. मी पंधरा वर्षांहून अधिक काळ मुलामुलींना बास्केटबॉल शिकवतो आहे आणि रोझचा खेळ त्याच्या पहिल्या हंगामापासून पाहत आलो आहे.

शिकागोत जन्मलेल्या या मुलाला 2008 च्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत) तिथल्याच शिकागो बुल्स संघाने पहिल्या क्रमांकावर निवडले. पहिल्याच वर्षी तो सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरला आणि 2010-11 च्या हंगामात, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्याला एमव्हीपी (हंगामातला सर्वांत मौल्यवान खेळाडू) पुरस्कार मिळाला. इतक्या कमी वयात तो पुरस्कार आजवर दुसऱ्या कोणालाही मिळालेला नाही. त्या वर्षी बुल्सनी 82 पैकी 62 सामने जिंकले आणि रोझची सरासरी सामन्यामागे 25 गुणांची होती. त्याचा सगळा खेळ वेगावर उभा होता. दोन पावलांत तो समोरच्याला मागे टाकत असे आणि हवेत गेल्यावर चेंडू कोणत्या हाताने टाकायचा ते ठरवत असे.

28 एप्रिल 2012 रोजी प्लेऑफचा (हंगामानंतरच्या, विजेतेपदासाठीच्या फेऱ्यांचा) पहिला सामना फिलाडेल्फियाविरुद्ध होता. बुल्स बारा गुणांनी पुढे होते आणि सामन्याचे दीड मिनिटही उरले नव्हते. रोझ बास्केटकडे मुसंडी मारत दोन्ही पायांवर थांबला, उडी घ्यायला गेला आणि डाव्या गुडघ्याने दगा दिला. इतकी आघाडी असताना त्याला कोर्टवर ठेवायला नको होते, असे पुष्कळ लोक आजही म्हणतात. मला त्या एका मिनिटापेक्षा आधीचे चार महिने महत्त्वाचे वाटतात. मालक आणि खेळाडू यांच्यातील वादामुळे तो हंगाम उशिरा सुरू झाला होता आणि 66 सामने दाटीवाटीने खेळवले गेले. पायाचे बोट, पाठ, जांघ, घोटा असे एकामागून एक काही ना काही दुखत राहिल्यामुळे रोझ त्यांपैकी 39 सामनेच खेळू शकला. एक भाग दुखत असताना शरीर त्याचा भार दुसऱ्या भागावर टाकते, आणि शिकवताना मी सर्वांत जास्त धास्ती घेतो ती याच गोष्टीची.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे येतो. रोझ घाईने परतला नाही, उलट त्याने 2012-13 चा संपूर्ण हंगाम सोडला. डॉक्टरांनी मार्च 2013 मध्ये परवानगी देऊनही त्याचे मन तयार नव्हते म्हणून तो उतरला नाही, आणि त्याबद्दल त्याने फार बोलणी खाल्ली. एवढे थांबूनही 22 नोव्हेंबर 2013 रोजी पोर्टलंडमध्ये त्याच्या दुसऱ्या, म्हणजे उजव्या, गुडघ्याची मेनिस्कस फाटली. त्या वेळी ती शिवण्यात आली आणि तोही हंगाम संपला. फेब्रुवारी 2015 मध्ये तीच मेनिस्कस पुन्हा फाटली तेव्हा फाटका भाग काढून टाकण्यात आला, आणि तो सहा आठवड्यांच्या आसपास परतला. त्याच प्लेऑफमध्ये क्लीव्हलंडविरुद्ध शेवटच्या क्षणी टाकलेल्या तीन गुणांच्या फटक्याने त्याने सामना जिंकून दिला.

पुढची वर्षे आपल्या मुलीने नीट वाचावीत असे मला वाटते. 2016 मध्ये शिकागोने त्याला न्यूयॉर्कला दिले. तिथे डाव्या गुडघ्याची आणखी एक शस्त्रक्रिया झाली. नंतर क्लीव्हलंडमध्ये असताना घोटा दुखावला, तेव्हा पुढे खेळावे की नाही या विचारात तो काही काळ संघापासून दूर राहिला. 2018 च्या फेब्रुवारीत क्लीव्हलंडने त्याला युटाकडे पाठवले आणि युटाने त्याला एकही सामना न खेळवता सोडून दिले. मार्चमध्ये मिनेसोटाने त्याला घेतले आणि त्याच वर्षी 31 ऑक्टोबरला त्याच युटाविरुद्ध त्याने 50 गुण केले. एमव्हीपी असतानाही त्याने एका सामन्यात इतके गुण केले नव्हते. सामना संपल्यावर तो रडला आणि सहकाऱ्यांनी त्याला मिठ्या मारल्या. तो सामना मी तीन वेळा पाहिला आहे. त्यात पूर्वीच्या झेपा फार थोड्या आहेत. थांबून घेतलेले जम्प शॉट आहेत, लांबून टाकलेले चेंडू आहेत, आणि शेवटच्या क्षणी प्रतिस्पर्ध्याचा बरोबरी साधू शकणारा फटका त्याने हाताने अडवलेला आहे. 2011 साली त्याचा लांबचा फटका कच्चा होता, तो त्याने पुढे घोटून घोटून तयार केला. सप्टेंबर 2024 मध्ये त्याने निवृत्ती घेतली, म्हणजे पहिल्या मोठ्या दुखापतीनंतर बारा वर्षांनी. गुडघ्यांनी त्याच्याकडून बरेच काही हिरावून घेतले हे खरे आहे आणि तिला ते लपवून सांगू नये, पण "जमलं नाही" हे शब्द मला त्याच्याबाबतीत मान्य नाहीत.

उत्तर 2: गंगावेशीतला

प्रशिक्षक सरांनी सविस्तर लिहिले आहे. मी तालमीच्या घरातला आहे, त्यामुळे घाईचा मुद्दा थोडा पुढे नेतो.

माझे चुलते मल्ल होते. सरावात त्यांचा गुडघा निसटला. हाडवैद्याकडून बसवून घेतला, तेलपाणी झाले, सूज उतरली, आणि दुखत नाही म्हणून दोन महिन्यांत ते जत्रेच्या मैदानात उतरले. ती त्यांची शेवटची कुस्ती ठरली. पुढे आयुष्यभर जिना उतरताना ते कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरत असत. गुडघ्यात बंध असतात आणि ते आपोआप जुळत नाहीत, हे त्या वेळी घरात कोणाला माहीत नव्हते.

बास्केटबॉलमध्ये घाईचे उदाहरण पाहायचे असेल तर ग्रँट हिल पाहावा. एप्रिल 2000 मध्ये हंगाम संपत आला असताना त्याचा डावा घोटा दुखावला. तरी तो डेट्रॉईटसाठी प्लेऑफ खेळला, आणि त्यातच घोट्याचे हाड मोडले. नंतर मोठा करार करून तो ऑर्लँडोला गेला, परंतु पहिल्या चार हंगामांत मिळून त्याला 47 सामनेच खेळता आले, आणि त्यांतला एक हंगाम तर पूर्ण कोरा गेला. मार्च 2003 मध्ये घोट्याचे हाड पुन्हा तोडून सरळ बसवण्याची शस्त्रक्रिया झाली. काही दिवसांतच तीव्र ताप आणि झटके आले. जखमेत औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंचा संसर्ग झाला होता आणि प्रश्न थेट जिवावर आला. कित्येक महिने शिरेतून औषधे चालू होती. हा माणूस 2005 मध्ये पुन्हा ऑल-स्टार (निवडक खेळाडूंचा) सामना खेळला, आणि पुढे फिनिक्सकडून 2008-09 मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, हंगामातले सर्व 82 सामने खेळला. तरुणपणीही त्याला हे जमले नव्हते. 2018 मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बास्केटबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, स्थान मिळाले.

उत्तर 3: फिजिओताई

नमस्कार. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि खेळाडूंच्या गुडघ्यांवर काम करते. आपल्या मुलीचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे तिच्या सर्जनचा शब्द शेवटचा मानावा.

मेनिस्कस का शिवली, याचे उत्तर आधी देते. मेनिस्कस ही मांडीचे हाड आणि नडगी यांच्यामधली गादी आहे. ती कापली तर खेळाडू लवकर परततो, मात्र गादी कमी झाल्यामुळे हाडांवरच्या कूर्चेवर (गुळगुळीत आवरणावर) कायमचा जादा भार येतो. शिवली तर बरेच महिने थांबावे लागते, पण गादी वाचण्याची संधी राहते. रोझच्या 2013 आणि 2015 च्या शस्त्रक्रियांमधला फरक हाच आहे. वर ज्याचा उल्लेख आला नाही तो ब्रँडन रॉय 2007 चा सर्वोत्तम नवोदित खेळाडू होता, आणि गुडघ्यांतली कूर्चा झिजल्यामुळे डिसेंबर 2011 मध्ये, सत्तावीस वर्षांचा असताना, त्याला निवृत्ती जाहीर करावी लागली. तुटलेला बंध नवा बसवता येतो, झिजलेली कूर्चा मात्र पूर्ववत करता येत नाही. सोळा वर्षांच्या मुलीची गादी वाचवण्याचा निर्णय मला अत्यंत योग्य वाटतो.

दुसरी गोष्ट काळाची. नव्या एसीएलसाठी बसवलेला स्नायूबंध सुरुवातीला मजबूत असतो, पुढच्या काही महिन्यांत तो कमकुवत होतो, कारण शरीर त्यात नव्या रक्तवाहिन्या आणि नव्या पेशी भरत असते, आणि मग सावकाश पुन्हा बळकट होतो. नेमक्या याच काळात दुखणे थांबलेले असते, चाल सुधारलेली असते, आणि मुले म्हणतात, "मी बरी झाले." माझ्याकडे आलेली बहुतेक पोरे इथेच घसरतात. नऊ महिन्यांच्या आत स्पर्धेत उतरू नये, आणि नऊ महिने झाले तरी मांडीच्या स्नायूंची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान नव्वद टक्के झाल्याशिवाय आणि एका पायावरच्या उड्यांच्या चाचण्या पार पडल्याशिवाय उतरू नये.

रोझचा दुसरा गुडघा गेला, हा मुद्दा वर आला आहे. एका गुडघ्याची एसीएल गेलेल्या तरुण खेळाडूंमध्ये दुसऱ्या गुडघ्यालाही धोका वाढलेला असतो, म्हणून व्यायाम दोन्ही पायांचा करायचा. मुलींमध्ये ही दुखापत मुलांपेक्षा बरीच जास्त आढळते, आणि उडीनंतर पाय टेकताना गुडघा आत झुकणे हे त्यामागचे एक मोठे कारण आहे. आपण वर्णन केलेत तसेच. ही सवय आरशासमोर, महिनोन्महिने, सुधारता येते. तिने जमिनीवर उतरायला नव्याने शिकायचे आहे, आणि हे काम बास्केटबॉलच्या सरावाइतकेच गंभीरपणे करायचे आहे.

एक विनंती आहे. तिला भीती वाटत असेल तर ती बोलू द्या. डॉक्टरांनी सोडूनही मन तयार नाही म्हणून थांबलेल्या रोझला लोकांनी नावे ठेवली, पण आज आम्ही मनाची तयारीही तपासतो.

प्रश्नकर्ता: रंकाळाकाठ

आपणा सर्वांचे मनापासून आभार. ताई, शिवण्याचे कारण मी घरात सर्वांना वाचून दाखवले. तिची आई इतके दिवस "कापून मोकळे केले असते तर पोर लवकर उठली असती" असे म्हणत होती. ती आता समाधानी आहे.

काल रात्री आम्ही दोघांनी तो 50 गुणांचा सामना पाहिला. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती मांडी आवळायचा व्यायाम करत होती आणि नजर पडद्यावर होती. मला वाटले होते, तो रडतो तिथे तीही रडेल. ती रडली नाही. मध्येच तिने सामना थांबवला, मागे घेतला आणि म्हणाली, "बाबा, बघा, इथं आधीचा रोझ आत घुसला असता. हा थांबला." मग तो एक फटका तिने चार-पाच वेळा पाहिला.

आज सकाळी तिने पलंगाखालचा चेंडू काढून मागितला. खुर्चीवर बसून, पाय न हलवता, नुसत्या हाताने भिंतीवरच्या खुणेवर शॉट मारायचा सराव केला तर चालेल का? लांबचा फटका आत्ताच सुरू करते म्हणते.

उत्तर: फिजिओताई

सर्जनना एकदा विचारून घ्या. साधारणपणे बसून केलेल्या अशा सरावाला या टप्प्यावर हरकत नसते. खुर्ची हातांची नको आणि चाकांची तर अजिबात नको. गुडघ्याचा पट्टा बांधलेला असावा, कमरेतून वळून चेंडू घ्यायला जाऊ नये. चेंडू उचलून द्यायला शेजारी कोणीतरी उभे राहावे.

प्रश्नकर्ता: रंकाळाकाठ

मी उभा राहतो. दुकान दहाला उघडतो, त्याआधी रोज अर्धा तास.