रील व्हायरल झाली, पुढे काय?
नागपूरच्या एका पोराची रील व्हायरल झाली, वेबसिरीज लिहायला मिळाली, म्हणजे निव्वळ नशीब, असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. रीलमुळे निर्मात्याचा फोन येतो. पुढच्या वाक्यात तो पूर्ण पटकथा मागतो. ती तयार असणं ही मेहनत, आणि तिचं मला फार कौतुक वाटतं!

नागपूरच्या सीताबर्डीत बसून लिहिणाऱ्यांनी एक कराच: कुणालाही पाठवण्याआधी पटकथा स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे, म्हणजे पटकथालेखकांच्या संघटनेकडे, नोंदवा. सदस्य व्हावं लागतं, पण सगळं ऑनलाइन होतं, मुंबई गाठायची गरज नाही. आणि करार वाचा. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनुसार चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला लेखकाचा वाटा निर्मात्याला लिहून देता येत नाही. पहिल्या कामाच्या आनंदात नवखे करारातलं रॉयल्टीचं कलम बघतही नाहीत.