मदत हवी आहे: घोड्यांच्या शर्यतीत पुण्याचा फॉर्म (अलीकडची कामगिरी) मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सला कितपत धरायचा?
मंडळी, मी राहतो दापोलीला, त्यामुळे पॅडॉकमधली (शर्यतीआधी घोडे फिरवतात तिथली) घोड्याची चाल बघायला मिळत नाही. सगळी भिस्त रेसबुकावर, म्हणजे शर्यतींच्या माहितीपुस्तिकेवर. (आमच्याकडच्या बैलगाडी शर्यतीत निदान बैल तरी डोळ्यांसमोर असतात!)

एक घोडा पावसाळ्यात पुण्याला १२०० मीटरमध्ये लागोपाठ दोनदा जिंकला. रेटिंग (कामगिरीवरून मिळणारे गुण) वाढलं, वरच्या क्लासात (गटात) गेला, आणि आता महालक्ष्मीला थेट १६०० मीटर. दुसरा घोडा दोन्ही वेळा चौथा आला, पण १६०० लाच, शेवटच्या २०० मीटरमध्ये मागून जोरात येत. शिवाय आता पाठीवर साडेचार किलो वजन कमी. माझा कल दुसऱ्याकडे. फक्त त्याचा जॉकी बदललाय, तिथेच घोडं अडलंय.

जाणकारांनो, जॉकीला जास्त महत्त्व द्यायचं की वजनाला? सकाळच्या ट्रॅकवर्कच्या (सरावाच्या) वेळा कितपत मानायच्या? पैसे लावायचे नाहीत हो, मेहुण्याशी सुरमईच्या थाळीची पैज आहे.