डॉगफाइट : झुंज, झडप की साठमारी?

मांडवीकर :
मंडळी, आम्ही चार-पाच जण बडोद्यात रविवारी पटावरचे युद्धखेळ खेळतो. सध्या स्वतःच एक रचतोय : दुसऱ्या महायुद्धातली, १९ ऑगस्ट १९४२ ची, फ्रान्समधल्या डिएपच्या किनाऱ्यावरची ब्रिटिश-जर्मन हवाई लढाई. निमित्त घरचंच. ब्रिटिश हवाई दलाच्या १२४ व्या स्क्वाड्रनच्या (विमानांच्या तुकडीच्या) नावात 'बडोदा' होतं आणि चिन्हावर मुंगूस! नियम मराठीत लिहायला घेतले आणि पहिल्याच पानावर अडलो. डॉगफाइटला, म्हणजे लढाऊ विमानांच्या हवेतल्या जवळच्या लढतीला, काय म्हणू? पेपरवाले 'हवाई चकमक' लिहितात, ते फिकं वाटतं. 'झुंज' कसं?

रावपुरेकर :
झुंज म्हटलं की दोघं भिडलेले असायला हवेत. कोंबड्यांची असो की रेड्यांची, एक जण हटेपर्यंत सुटका नाही. विमानं अशी क्वचितच लढली. ब्रिटिशांचं स्पिटफायर लहान घेरात वळायचं, म्हणून जर्मनांच्या फोक-वुल्फ १९० चे वैमानिक गोल गोल फिरण्याच्या फंदात पडत नसत. वरून यायचं, मारा करायचा, त्याच वेगात पसार. याला आपल्याकडे तयार शब्द आहे, झडप. दोन्ही ठेवा की. उंची हाताशी असेल तर झडप. ती हुकली आणि दोघं एकमेकांच्या शेपटीमागे लागले, तर झुंज. फाशांचे आकडेही वेगळे द्या.

नवापुरावाली :
बडोद्याचे म्हणवता आणि साठमारी कुणालाच आठवू नये?

रावपुरेकर :
ताई, आठवली होती, पण बसत नाही. साठमारीत हत्तीला डिवचायचं, हुलकावणी द्यायची आणि तो अंगावर आला की अग्गडाच्या, म्हणजे हत्तींच्या आखाड्याच्या, भिंतीतल्या चिंचोळ्या दारातून निसटायचं. बरोबरीचा सामना नव्हेच तो. शिवाय हल्ली 'सत्तेची साठमारी' वाचून वाचून लोकांना आधी राजकारणच दिसतं.

नवापुरावाली :
बरोबरीचा नाही, हेच तर म्हणतेय. डिएपला जर्मनांची डॉर्निअर बॉम्बर विमानं आली होती ना, ब्रिटिशांच्या जहाजांवर? अंगानं अवाढव्य, वळायला जड, पण जवळ जाल तर त्याचे बंदूकवाले सोडत नाहीत. टोचायचं आणि सटकायचं. मुंगसाला याहून चांगलं काम कुठलं?

मांडवीकर :
वा! ठरलं. लढाऊविरुद्ध लढाऊ : झडप आणि झुंज. लढाऊविरुद्ध बॉम्बर : साठमारी. राजकारण दिसलं तर दिसू दे.

'बर्स्ट'ला, म्हणजे एका दमात केलेल्या माऱ्याला, 'फैर' घेतलंय. आमच्या स्क्वाड्रनकडे स्पिटफायर मार्क ६ होती. दोन २० मिलिमीटरच्या तोफा, प्रत्येकीला फक्त ६० गोळे, म्हणजे घोडा दाबून धरला तर सहा सेकंदांत खडखडाट. त्यामुळे दोन-दोन सेकंदांच्या तीनच फैरी, मग मशीनगनवर भागवा. गंमत म्हणजे हे विमान बनवलेलं अतिउंचीसाठी. लांबवलेले, टोकदार पंख, हवाबंद कॉकपिट, वरचं झाकण उडताना सरकवून उघडताच येत नाही; फार तर उडवून द्यायचं. आणि डिएपची बरीचशी मारामारी खालच्या उंचीवर. लांब पंखांमुळे कुशीवर वळायला उशीर, म्हणून खाली आलं की त्याला एक पाळी उशिरा वळू देतो.

'सिनारिओ'साठी, म्हणजे खेळायला मांडलेल्या एकेका लढाईसाठी, 'प्रसंग' नाटकी वाटला. 'डाव' ठेवतोय : मांडता येतो, रंगतो, मोडताही येतो.

रावपुरेकर :
डाव उत्तम. फक्त 'टर्न'ला चुकूनही डाव लिहू नका, पोरं क्रिकेटमध्ये जातील. पाळी बरी. आणि जिंकणं कशावर मोजताय? ब्रिटिशांची शंभराहून जास्त विमानं त्या दिवशी गेली, जर्मनांची निम्म्यापेक्षा कमी. नुसती पाडलेली विमानं मोजाल तर ब्रिटिश बाजू कुणीच घेणार नाही.

मांडवीकर :
वाचलेल्या जहाजांवर गुण. आता 'स्टॉल'ला, म्हणजे पंखांची उचल सुटून विमान खाली जातं त्याला, शब्द द्या. 'पडणे' लिहिलं तर समोरचा सोंगटी उचलूनच नेतो.

नवापुरावाली :
स्टॉलच ठेवा हो.