स्वमग्न मुलाला पोहायला शिकवायचंय, कोचला नेमकं काय सांगू?

गोधडी :
माझा मुलगा सात वर्षांचा आहे, स्वमग्न (ऑटिझम असलेला). बोलतो, पण मोजकंच. पाण्याचं विलक्षण वेड. बादलीत हात घालून तासभर बसेल. भीती वाटते ती त्याचीच, कारण हात सोडून पळाला की हा पाण्याकडेच धावतो. म्हणून क्लास लावला. तिसऱ्याच दिवशी कोचनी "भीती जाईल" म्हणत त्याचं डोकं पाण्यात दाबलं. तेव्हापासून तलावाच्या दाराशीच कानांवर हात ठेवून बसतो. तो क्लास सोडला, पण पोहणं सोडायचं नाहीये. नवीन कोचना काय सांगू, काय विचारू? कुणाला अनुभव असेल तर कृपया लिहा.

पाणकोंबडी :
ताई, वाचून फार वाईट वाटलं. दाबून भीती जात नाही, मुरते. मी पोहणं शिकवते, अशी बरीच मुलं माझ्याकडे येतात.

पहिले काही दिवस पाण्यात उतरवूच नका. गर्दी नसताना नेऊन दार, कपडे बदलायची खोली, शॉवर, पायऱ्या असं सगळं दाखवा. फोटो काढून क्रमाने चिकटवा आणि घरी रोज बघा. माझ्याकडची एक मुलगी आत यायलाच तयार नव्हती. आम्हाला वाटलं पाण्याला घाबरते. अडलं होतं शॉवरपाशी! ती टोचरी धार तिला सोसत नव्हती. मगने अंगावर पाणी घ्यायला लागलो आणि त्याच दिवशी ती पायरीवर येऊन बसली.

बंद तलावात आवाज घुमतो, त्यात शिट्ट्या. तुमचा मुलगा कान झाकतो, म्हणजे कमी गर्दीची वेळ मागून घ्याच, आणि शिट्टीऐवजी हाताची खूण ठरवा. सूचना एका वेळी एकच : "तोंड पाण्यात. फुंकर." किती वेळा करायचं ते बोटांवर दाखवायचं. कधी संपणार हे कळलं की मुलं पुष्कळ निवांत होतात.

कोचना एक प्रश्न नक्की विचारा : आधी काय शिकवणार? उत्तर "हात-पाय मारणं" असेल तर थांबा. पळून पाण्याकडे जाणाऱ्या मुलाला आधी पडल्यावर उताणं होऊन श्वास घेता आला पाहिजे, मग वळून कठडा धरता आला पाहिजे. पुढे कधीतरी अंगावरच्या कपड्यांनिशीही हा सराव करून घ्या. आणि पोहायला आलं तरी नजर हटवायची नाही.

सांजवारा :
पाणकोंबडीताईंना अनुमोदन. माझ्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असतो), ती हॅलिविक पद्धतीने शिकली. जेम्स मॅकमिलन यांनी 1949 च्या सुमारास लंडनच्या हॅलिविक शाळेतल्या अपंग मुलींना शिकवताना ही पद्धत बसवली. एकूण दहा टप्पे, पोहण्याचे स्ट्रोक, म्हणजे हात-पाय मारणं, अगदी शेवटी. सुरुवातीला एका मुलामागे एक मोठं माणूस पाण्यात असतं. दंडाला फुगे बांधत नाहीत, कारण फुगे मुलाला उभंच धरून ठेवतात आणि अंग स्वतः वळवायला तो शिकतच नाही.

हिची उजवी बाजू कमजोर, त्यामुळे उताणी झाली की एका अंगावर कलंडायची आणि घाबरून मला गच्च धरायची. कलंडायला लागलं की डोकं हळूच उलट बाजूला वळवायचं, एवढंच शिकवण्यात कित्येक आठवडे गेले. ज्या दिवशी माझा हात पाठीखालून काढला तरी ती छताकडे बघत तरंगत राहिली, त्या दिवशी मी पाण्यातच रडले.

पाणी कोमट हवं. गारठ्याने तिचे स्नायू आखडतात.

जलपर्णी :
इतर पालकही वाचतील म्हणून लिहिते. फिट्स येत असतील तर फक्त त्या मुलावर लक्ष ठेवणारा एक माणूस हवाच, आणि पाण्यात फिट आली तर आधी तोंड पाण्यावर धरायचं हे त्याला माहीत हवं. डाऊन सिंड्रोम असेल तर सूर मारायला शिकवण्याआधी डॉक्टरांकडून मानेची खात्री करून घ्या, काही मुलांच्या मानेचे वरचे मणके सैल असतात. श्रवणयंत्र काढून उतरणाऱ्या मुलांशी आधीच खुणा ठरवा.

गोधडी :
सगळ्यांचे मनापासून आभार. नवीन कोचना फोटोंची पट्टी दाखवली, त्यांनी स्वतःचाही एक फोटो तीत चिकटवायला दिला. आज तलाव रिकामा असताना गेलो. दारात थांबला, पण कान झाकले नाहीत. पायरीवर बसून पाय पाण्यात सोडले. मी पाच बोटं दाखवली, त्याने एकेक मिटत पाच मोजले, आणि आम्ही लगेच घरी आलो. उद्या परत जाणार आहोत.