फ्रीलला ‘जुनं ते सोनं’वाला कुणी ठरवलं?

तिसरी घंटा: काल इथे एकाने ठोकून दिलं, की आयरिश नाटककार ब्रायन फ्रीलचं ‘ट्रान्सलेशन्स’ म्हणजे इंग्रजांनी मारलेल्या गोड आयरिश भाषेसाठी ढाळलेली टिपं. नाटक वाचलंय की नुसतं मलपृष्ठ? १८३३ सालचं, आयर्लंडच्या डोनेगलमधलं खेडं. जुन्या गोठ्यात शाळा, मास्तर ह्यू कायम टाइट, आणि पोरं ग्रीक-लॅटिन घोकतायत. मॉयरा उठून सांगते, मला इंग्रजी हवं. पाठची दहा भावंडं, घरात कर्ता पुरुष नाही, अमेरिका गाठायचीय. इंग्रज लष्कर नकाशा काढतंय, त्यावर गावांची नावं इंग्रजी करायला लष्कराचा पगार घेतो तो मास्तरचाच पोरगा, ओवेन. आयरिश भाषेवर भाळतो तो इंग्रज लेफ्टनंट! यात परंपरेचा कैवारी कोण, सांगा.

खवचट: मी मलपृष्ठही वाचतो आणि शेवटचा अंकही. लेफ्टनंट गायब झाल्यावर कॅप्टन काय धमकी देतो? आधी गुरं मारू, मग घरं पाडू. याला ‘मॉयराला हवं होतं’ म्हणायचं?

तिसरी घंटा: नकाशावाले सैनिक गावं उठवत नव्हते, हे अँड्र्यूज या इतिहासकाराने दाखवलं. फ्रीलने ते कबूलही केलं.

खवचट: वा! म्हणजे आता नाटककारच खोटा. तुमच्या सोयीने.

डब्लिनकर: तुम्ही पुस्तकावर भांडा, मी रस्ता चुकलोय. २००७ साली आई-बाबांना घेऊन आयर्लंडमधल्याच डिंगल गावाला निघालो. नकाशात डिंगल, पाट्यांवर फक्त त्याचं आयरिश नाव, ‘अन दँगिन’. दोन तास चकरा, बाबांची शुगर खाली. २००५ मध्ये लागू झालेल्या सरकारी आदेशाने इंग्रजी नाव पाट्यांवरून उडवलं होतं. गाववाले चिडले, २००६ मध्ये मतदान घेऊन दोन्ही नावं मागितली.

खवचट: पर्यटक यावेत म्हणून. पोटासाठी नाव विकलं.

डब्लिनकर: तिथल्या हॉटेलवाल्याचं पोट तुम्ही भरणार का? आयरिश बोलणारी माणसंच म्हणत होती, डिंगलही आमचंच.

सायलीची आई: पोटाचं निघालंच आहे तर ऐका. सायलीला मराठी शाळेत घातली. सासरचे चार वर्षं तोंड फुगवून होते. पाचवीला वर्गात सात मुलं उरली, शाळा बंद. कुठल्याही कॅप्टनने धमकी दिली नव्हती. आमच्या बिल्डिंगमध्ये घरोघरी मॉयरा आहेत, आणि मी त्यांना नावंही ठेवू शकत नाही.

खवचट: ताई, सात मुलं उरतात ती आपोआप नाही. बंदूक दाखवावी लागत नाही एवढंच.

तिसरी घंटा: हे मात्र बरोबर बोललात. वर्षातून एकदा होतं. पण मग १९८० मध्ये, उत्तर आयर्लंडमधल्या डेरीच्या गिल्डहॉलमध्ये, फ्रीलने हे इंग्रजीतच का उभं केलं? पात्रं आयरिश बोलतात, आपल्याला ऐकू येतं इंग्रजी. मॉयरा आणि लेफ्टनंट एकमेकांना तेच सांगतात आणि दोघांनाही कळत नाही. नुसतं रडायचं असतं तर ही गंमत केली असती?

खवचट: बरं, नुसतं रडगाणं नाही. रडगाणं अधिक गंमत. खूश?

तिसरी घंटा: खूश. आता ते डिंगल वेगळ्या धाग्यात हलवा.

डब्लिनकर: हलवतो. धाग्याला नाव काय देऊ, डिंगल की अन दँगिन?